लेच्चेतले कान आणि अकोल्याचे सरगुंडे

अंडं नको, एवढी आमची एकच अट होती. लेक मिलानला नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने आधीच बजावून ठेवलं होतं की या खेपेला चर्च आणि संग्रहालयं कमी, एक दिवस स्वयंपाकाच्या वर्गाला जायचं. पास्ता स्वतःच्या हाताने करायचा. पहिलं नाव अर्थातच उत्तरेकडच्या बोलोन्या शहराचं निघालं. पण तिकडची रीत म्हणजे मऊ गव्हाचं मैद्यासारखं पीठ आणि अंडी: शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, पाण्याचा थेंब नाही. आम्ही अंडं खात नाही. खायचं नाही ते मळायला तरी कशाला जायचं?

मग लेकीने नकाशावर बोट खाली खाली सरकवत इटलीच्या बुटाच्या टाचेवर आणून टेकवलं. "आई, इकडे अंडंच घालत नाहीत. रवा आणि पाणी, बस्स."

त्या टाचेचं नाव पुल्या. गहू उदंड, पैसा बेताचा, असा हा दक्षिणेकडचा मुलूख. अंडी विकून चार पैसे मिळायचे, ती कणकेत कोण घालणार? आणि इथला गहूही वेगळा, ड्युरम जातीचा, कडक, पिवळसर दाण्याचा. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. दुकानातला 'बन्सी रवा' आपण शिऱ्याला आणतो, पण त्याच जातीच्या गव्हाचा पास्ता होतो हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. इटलीत तर सुका पास्ता या गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, असा १९६७ पासून कायदाच आहे.

वर्ग लेच्चे नावाच्या गावात होता. माणशी ऐंशी युरो. नवऱ्याने मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाला, "शेवया करायला शिकायचे साडेसात हजार?" तो बँकेतून निवृत्त झालाय, आकडे आपोआप सुटतात. त्याला मी म्हटलं, तुम्ही नुसते बघायला बसा. पण नुसतं बघायलाही तेवढेच पैसे पडत होते, म्हणून तोही करणाऱ्यांत आला. याचा मला पुढे पश्चात्ताप व्हायचा होता.

आधी एक दिवस पुल्यातल्याच बारी शहरात उतरलो. बारीच्या जुन्या गावात, किल्ल्यासमोरच्या कमानीतून आत शिरलं की एक गल्ली लागते. आर्को बास्सो म्हणतात तिला. तिथे बायका दाराबाहेर लाकडी टेबलं टाकून बसतात आणि दिवसभर ओरेक्येत्ते वळतात. ओरेक्येत्ते म्हणजे छोटे कान. खरंच कानाच्या पाळीएवढे, मध्ये खोलगट, बाहेरून खरबरीत. एक आजी शेजारणीशी तावातावाने बोलत होती, तिचं आमच्याकडेही लक्ष नव्हतं आणि पाटावरही नव्हतं, पण सुरी चालू होती. दर सेकंदाला एक कान. जाळीच्या चौकटींवर ते उन्हात वाळत पसरलेले. गल्लीत त्या ओल्या पिठाचा असा काही वास होता की मी तिथेच थबकले. आमच्या अकोल्याच्या घरी उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घातलं की जिन्यात हाच वास यायचा.

मी लेकीला ऐटीत म्हणाले, "हे तर वळवट आहे गं. हे मला येतं."

बारीहून लेच्चेला जाताना रेल्वेच्या दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं. आधी हिरवीगार, आणि लेच्चे जवळ येईल तशी करड्या, वाळक्या सांगाड्यांसारखी. झायलेला नावाच्या जिवाणूने हे केलं. २०१३ मध्ये गाल्लिपोलीच्या बाजूला तो पहिल्यांदा सापडला आणि मग लाखो झाडं गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या मास्तरीणबाईंनी तेलाची बाटली टेबलावर ठेवली तेव्हा हात जरा जास्तच जपून ठेवला, असं मला वाटलं. तेल शेजारच्या प्रांतातून आणलेलं होतं. पूर्वी घरचं असायचं, एवढंच त्या म्हणाल्या.

बाई साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, हाताची बोटं आखूड आणि जाड. त्यांच्या घराचंच स्वयंपाकघर. वर कमानदार छत, भिंती तिथल्या मधासारख्या रंगाच्या मऊ दगडाच्या. आम्ही तिघं, एक डच जोडपं आणि ऑस्ट्रेलियाहून एकट्या आलेल्या एक बाई. सगळ्यांना छापील ॲप्रन मिळाले आणि फोटो झाले. मग तीन प्रकारची तेलं चाखण्याचा एक कार्यक्रम अर्धा तास चालला. तो मला अजिबात नको होता. पैसे कणकेचे घेतलेत तर कणकेशी जाऊ द्या ना! पण पर्यटक म्हटला की त्याला काहीतरी चाखवायचंच, असा नियम असावा.

शेवटी एकदाचं पीठ आलं. 'सेमोला रिमाचिनाता', म्हणजे दुसऱ्यांदा दळलेला रवा. चिमटीत घेऊन पाहिला. मैद्यापेक्षा खरबरीत, आपल्या चिरोटी रव्याहून जरा बारीक आणि स्वच्छ पिवळा. हळद घातलीय की काय असं वाटावं इतका. प्रत्येकाला चारशे ग्रॅम रवा, दोनशे मिलिलिटर कोमट पाणी. निम्म्याला निम्मं. मीठ नाही, तेल नाही. परात नाही. थेट लाकडी पाटावर ढीग, मध्ये आळं आणि आळ्यात पाणी.

मी पस्तीस वर्षं रोज पोळ्या करतेय. अर्धा किलो कणकेला तीनशे मिली पाणी मी डोळे मिटून घालते, वर तेलाचा हात. चारशे ग्रॅमला दोनशे म्हणजे मला दुष्काळच वाटला. मळायला घेतलं तर गोळा दगडासारखा, कडा फाटलेल्या, रवा सुटतोय. बाई म्हणत होत्या, मळा, मळा, दहा मिनिटं मळा. मनगटाने ढकला. आता मळण्याचं मला कोण शिकवणार? बाई डच जोडप्याकडे वळल्या तशी मी घागरीतून हळूच दोन-तीन चमचे पाणी घेतलं. काय जादू! गोळा मऊ झाला, छान चकचकीत. मी झाकून ठेवला आणि इतरांचे घामेजलेले चेहरे बघत बसले.

अर्ध्या तासाने बाई एकेक गोळा बोटाने दाबत आल्या. माझ्याशी थांबल्या. बोट आत गेलं ते खड्डा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "आक्वा."

पाणी. त्याला भाषांतर लागलं नाही.

ओरडल्या नाहीत. मूठभर रवा पाटावर टाकला आणि पुन्हा मळा अशी खूण केली. पुन्हा दहा मिनिटं. लेक माझ्याकडे पाहत नव्हती, हसू दाबत होती. आणि नवऱ्याचा गोळा? या माणसाने जन्मात कणिक मळलेली नाही. त्यामुळे त्याने काट्यावर रवा तोलला, पाण्याचं भांडं डोळ्यांच्या पातळीवर धरून खूण बघितली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं मळलं. बाईंनी त्याचा गोळा दाबला, खड्डा सावकाश भरून आला. "ब्रावो," बाई म्हणाल्या.

मग कान. गोळ्याचा तुकडा घेऊन करंगळीएवढी जाड लांब वळी करायची. तिचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे. जेवायच्या टेबलावरची साधी गोल टोकाची सुरी आडवी धरायची, दोन्ही हातांची बोटं पात्यावर. तुकड्याच्या पलीकडच्या कडेवर टेकवून, दाबत दाबत आपल्याकडे ओढायची. पाट कच्च्या लाकडाचा, त्यावर वार्निश नाही. लाकूड कणकेला धरून ठेवतं, सुरी तिला ओढते, आणि त्या ओढाताणीत तुकडा पात्यावर शिंपल्यासारखा गुंडाळतो. एका अंगाला खरखरीत, मधोमध पातळ, कडेला जरा जाड. तो शिंपला अंगठ्याच्या टोकावर घालायचा आणि टोपी उलटी करावी तसा उलटायचा. झाला कान. खरबरीत बाजू बाहेर येते, सॉस तिला चिकटतो.

लिहायला बारा ओळी लागल्या, बाईंना लागायचा एक श्वास.

माझा पहिला तुकडा लाटला गेला. दुसराही. हातच असा पडलाय की कणिक दिसली की सगळीकडून सारखा दाब द्यायचा. पोळीला तेच तर हवं असतं, कड जाड राहिली की सासू बोलणार. इथे उलटं. मुद्दाम असमान दाबायचं, मधे फाटेल इतकं ओढायचं, कड सोडून द्यायची. मी ओढायच्या जागी ढकलत होते. जे काही तयार होत होतं ते चपटं, लांबट, आणि उलटायला गेलं की फाटत होतं. बाईंनी त्यातले दोन-चार उचलून बाजूला ठेवले आणि लेकीमार्फत धीर दिला: हे वाया नाही गेलेले, न उलटलेल्या पास्त्याला इथे स्त्राशिनाती म्हणतात, ओढलेले. म्हणजे माझ्या चुकीला इटलीत नाव होतं.

आणि समोर नवरा. गुपचूप, मान खाली घालून, पैसे मोजावेत तसे कान काढत होता. टक, टक, टक. सगळे एका मापाचे. दहा-दहाच्या रांगेत लावलेले. बाईंनी ऑस्ट्रेलियाच्या बाईंना बोलावून ते दाखवले. मी म्हटलं, "अहो, जरा हळू. बाकीच्यांनाही पाट लागतो." तो म्हणाला, "तुझ्या हातांना सवय आहे ना, म्हणून अवघड जातंय." बरोबर बोलला, म्हणून आणखीच राग आला.

माझी बाजू सावरली ती लोखंडी काडीने. बाईंनी खणातून वीतभर लांबीच्या, चौकोनी धारेच्या बारीक सळया काढल्या. फेर्रेत्तो. त्यांच्या आजीकडे म्हणे मोडक्या छत्रीची काडी होती. बोटभर लांबीचा कणकेचा तुकडा पाटावर ठेवायचा, त्यावर काडी दाबायची आणि तळव्याने पुढे-मागे फिरवायची. कणिक काडीभोवती गुंडाळत नळी होते. मग एका झटक्यात काडी बाहेर. डच माणसाची कणिक काडीला चिकटून बसली, लेकीची नळी ओढताना चेंगरली. मी काडी हातात घेतली आणि पहिलीच नळी सुटून पाटावर पडली. दुसरीही. तळव्याला माहीत होतं किती दाबायचं, आणि मनगट झटका देऊन मोकळंही झालं.

मी थांबले. हे मला आलं कसं?

सरगुंडे! आंबे निघाले की आई आणि काकू, शेजारच्या दोघी-तिघी दुपारी ओसरीवर बसायच्या. कणकेची बारीक दोरी काढायची, काडीभोवती वळसे घालत गुंडाळायची, अलगद ओढून काढायची, चाळणीत वाफवायची आणि आमरसाशी खायची. आमच्या वऱ्हाडातला प्रकार, पुण्यात दहांतल्या नऊ जणींना नावही माहीत नसतं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. सगळी पोरं विहिरीवर आणि मी काडी घेऊन बसलेले. आई म्हणायची, "हात चालव नं बाई, रस गरम होऊन राह्यला." मला भयंकर कंटाळा. लग्न होऊन पुण्याला आले ती पुन्हा सरगुंड्यांच्या वाटेला गेले नाही. इथली पद्धत जरा वेगळी, दोरी गुंडाळत नाहीत, काडीच तुकड्यावर फिरवतात. पण झटका तोच.

बाईंनी विचारलं, कुठे शिकलात? लेकीने सांगितलं, हिच्या आईकडे असंच करतात.

"अस्सं? आणि सॉस कोणता?"

लेक क्षणभर थांबली. मग सांगून टाकलं, आंब्याचा रस.

स्वयंपाकघरात शांतता पसरली. बाईंनी ऐकण्यात चूक तर झाली नाही ना म्हणून पुन्हा विचारलं. आंबा? ते फळ? गोड? त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. पुरणपोळीला केचप लावून खाणारा माणूस पाहिला तर माझा चेहरा तसाच होईल.

पण पुढचं त्यांना लगेच कळलं. लेच्चेच्या बाजूला हे कान आणि या नळ्या एकत्र शिजवतात, त्या मिश्रणाला मारिताती म्हणतात, लग्न झालेले. मी लेकीला म्हटलं, यांना सांग, आमच्याकडेही लग्नात गव्हले, नखुले, मालत्या करतात, नवरीच्या रुखवतात मांडतात. लेक म्हणाली, रुखवताला काय म्हणू? बराच वेळ तिचं काहीतरी चाललं, हातवारे झाले. बाईंनी शेवटी मान डोलावली आणि विचारलं, मग ते नंतर खाता की नुसतंच बघता? अचूक प्रश्न. आमच्या रुखवतातले गव्हले किती वर्षं बरणीत होते, ते मी सांगितलं नाही.

मला कान खायचे होते ते चीमे दि रापाबरोबर, ही तिथली कडवट पालेभाजी, सलगमच्या जातकुळीतली. मी घरून वाचून गेले होते. बाई म्हणाल्या, मे महिन्यात? ती थंडीतली भाजी. बाजारात कुठे मिळालीच तरी त्या आणणार नव्हत्या. त्याऐवजी मागच्या ऑगस्टमध्ये घरी करून भरलेला टोमॅटोचा रस निघाला. तिकडे ऑगस्टमध्ये सगळं घर मिळून वर्षाचा टोमॅटो बाटल्यांत भरतं. आपल्या तिखट-लोणच्याच्या बेगमीसारखंच.

दुसरं पातेलं चुलीवर आधीपासूनच होतं. रात्री भिजवलेले काबुली चणे, कांदा, सेलरी, दोन टोमॅटो आणि तमालपत्र. हे आपलं तमालपत्र नव्हे. आपल्या पानाला देठापासून टोकापर्यंत तीन शिरा असतात, याला मधली एकच, आणि वासही वेगळा. या चण्यांत त्याच कणकेच्या लाटून कापलेल्या पट्ट्या सोडायच्या. पण सगळ्या नाही. तिसरा हिस्सा ऑलिव्ह तेलात कुरकुरीत तळायचा आणि शेवटी वरून घालायचा. चीचेरी ए त्रिया, लेच्चेचा खास पदार्थ. 'त्रिया' हा शब्द अरबी 'इत्रिया'वरून आला. अल इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ साली सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ही इत्रिया मोठ्या प्रमाणावर बनते आणि जहाजांनी बाहेर जाते, असं लिहून ठेवलंय.

मी एक घास खाल्ला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "वरणफळं." वरणफळंच ती. फोडणी नसलेली, चण्यातली. पण त्या तळलेल्या पट्ट्यांची युक्ती आपल्याला कशी सुचली नाही? मऊ वरणात मधेच कुरकुरीत तुकडा दाताखाली येतो. आता मी वरणफळांची चार-पाच फळं बाजूला काढून तळतेच.

कान उकळायचा हिशोब नवऱ्याने लिहून घेतला: शंभर ग्रॅम पास्ता, एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ. ताजे असल्याने पाच मिनिटांत झाले. फक्त चीजचा घोळ झाला. वरून किसायला बाईंनी काच्योरिकोत्ता काढलं. मी रेनेटबद्दल, म्हणजे चीजसाठी दूध विरजायच्या विकराबद्दल विचारलं. तिकडची बरीच पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या विकराने विरजतात, पार्मेजानही त्यातच आलं, आणि शाकाहारी म्हणवणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांना ते ठाऊकच नसतं. बाईंना हा प्रश्नच नवीन होता. पण त्यांनी वाद घातला नाही. शिळ्या पावाचा चुरा तेलात लसणीबरोबर खरपूस परतला आणि तो भुरभुरला. चीज परवडत नसे तेव्हा हेच घालत, म्हणाल्या. मला तरी चीजची आठवण झाली नाही.

निघताना मला त्यांनी एक फेर्रेत्तो भेट दिला. नवऱ्याला काही दिलं नाही, याची इथे नोंद करते.

पुण्याला परत आलो तेव्हा जून लागला होता, हापूस संपला होता. आईला व्हिडिओ कॉल करून लोखंडी काडी दाखवली. ती चौऱ्याऐंशीची आहे. म्हणाली, "ऐंशी युरो म्हंजे किती?" सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मी फुकट शिकवत होती तं पळून जात होतीस."

नवऱ्याने मात्र बन्सी रवा आणून, मिक्सरमधून पुन्हा फिरवून, कान सुरू केले. जुलैत पहिला घाणा पंख्याखाली वाळवला, त्याला तिसऱ्या दिवशी बुरशी आली. पावसाळ्यात वाळवण कोण घालतं, हे मी त्याला सांगितलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात दुसरा घातला, तो खडखडीत वाळला. डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे. जाऊबाईंनी गव्हले-मालत्या विकत आणायचं ठरवलंय, आणि त्यांच्या शेजारी एक बरणी याची. रुखवतात प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावावी लागते. तिच्यावर 'कानुले' लिहायचं त्याने परस्पर ठरवून टाकलंय. मी म्हटलं, लोक कानवले समजून दाताखाली घेतील. तो म्हणाला, मग खाली कंसात लिहू, 'उकळून खावे'.